फोटोतला तो सैनिक कोण? इवो जिमाच्या छायाचित्राच्या चार याद्या

पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. 'पुरावा पुरेसा आहे हे कळतं कसं?' व्याख्या सांगून याचं उत्तर देता येतं, पण ती डोक्यात राहत नाही. म्हणून आज एका फोटोचं उदाहरण घेऊ. तुम्ही तो नक्की पाहिलेला आहे. खडकाळ माथ्यावर सहा सैनिक एक लांब पाइप उभा करताहेत आणि त्याच्या टोकाला अमेरिकेचा झेंडा फडफडतोय. पॅसिफिक महासागरातलं इवो जिमा बेट, सुरिबाची डोंगर, २३ फेब्रुवारी १९४५. छायाचित्रकार जो रोझेन्थाल, असोसिएटेड प्रेस. याच फोटोला १९४५ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

विसाव्या शतकातल्या सर्वात जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी हा एक. त्यावर पुस्तक आलं, सिनेमा आला, टपाल तिकीट निघालं, आर्लिंग्टनमध्ये भव्य स्मारक उभं राहिलं. आणि तरीही त्यातल्या सहा जणांची बरोबर यादी जाहीर व्हायला २०१९ साल उजाडलं, म्हणजे तब्बल चौऱ्याहत्तर वर्षं लागली. या काळात अधिकृत यादी चार वेळा निघाली: १९४५, १९४७, २०१६ आणि २०१९. पहिल्या तिन्ही चुकलेल्या होत्या.

आज मी या ओळखीच्या कामाची चिकित्सा करणार आहे. मला फोटोपेक्षा त्याच्याखाली लिहिल्या गेलेल्या नावांमध्ये जास्त रस आहे. कारण या चुका अडाणी माणसांनी केलेल्या नाहीत. त्या आपल्यासारख्यांच्याच चुका आहेत.

आधी जागा आणि वेळ

कुठल्याही जुन्या ग्रुप फोटोत पहिला प्रश्न 'कोण?' हा नसतोच. आधी 'कुठे?' आणि 'नेमकं कधी?' हे ठरवावं लागतं, कारण त्याने उमेदवारांची यादी छोटी होते. इथे बेट माहीत होतं, डोंगर माहीत होता, तारीख माहीत होती. मग अडलं कुठे?

अडलं ते 'नेमकं कधी' यात. त्या दिवशी सुरिबाचीवर झेंडा दोनदा लागला. सकाळी साडेदहाच्या सुमाराला पहिला झेंडा लागला. तो आकाराने लहान होता, साधारण ५४ बाय २८ इंच. त्याचे फोटो लुई लॉवरी या मरीन छायाचित्रकाराने काढले. दुपारच्या सुमाराला तो उतरवून ९६ बाय ५६ इंचांचा मोठा झेंडा लावला गेला. रोझेन्थालचा फोटो या दुसऱ्या झेंड्याचा आहे. बॉब कॅम्पबेल नावाच्या तिसऱ्या छायाचित्रकाराच्या एका फोटोत तर एक झेंडा खाली येतोय आणि दुसरा वर जातोय, असं दोन्ही एकाच चौकटीत दिसतं. रोझेन्थालच्या शेजारी उभा राहून बिल जेनॉस्ट हा मरीन सैनिक तीच घटना रंगीत चलत्चित्रात टिपत होता. काही दिवसांतच तो त्याच बेटावर मारला गेला.

म्हणजे एकाच माथ्यावर, काही तासांच्या अंतराने, एकाच तुकडीतल्या माणसांनी दोन वेळा जवळजवळ तेच काम केलं. आता कुणी 'मी झेंडा लावायला होतो' असं म्हणालं, तर ते खरं असूनही या फोटोला लागू नसू शकतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ यातूनच निघाला आहे.

गोंधळात भर घालणारा एक तिसरा फोटोही आहे. दुसरा झेंडा लागल्यावर रोझेन्थालने माथ्यावरच्या सैनिकांना झेंड्याखाली जमवलं आणि रीतसर ग्रुप फोटो काढला. हेल्मेट आणि बंदुका उंचावून ओरडणारी, हसणारी अठरा माणसं. हा 'गंग हो' फोटो म्हणून ओळखला जातो. पुढे ग्वाममध्ये रोझेन्थालला कुणीतरी विचारलं, 'फोटो मांडणी करून काढलास का?' त्याने स्वतःचे छापलेले फोटो तोवर पाहिलेले नव्हते. त्याला वाटलं ग्रुप फोटोबद्दल विचारताहेत, म्हणून तो 'हो' म्हणाला. झालं! जगप्रसिद्ध फोटो बनावट असल्याची अफवा उठली आणि ती खोडत त्याचं आयुष्य गेलं. जेनॉस्टच्या चलत्चित्रात सगळी हालचाल सलग दिसते, त्यामुळे आज त्या आरोपात काहीच दम उरलेला नाही. पण बघा, उत्तर खरं होतं, ते फक्त भलत्याच फोटोबद्दल होतं. मुलाखतीतून डेटा गोळा करणार असाल तर समोरचा माणूस नेमक्या कुठल्या वस्तूबद्दल बोलतोय हे आधी पक्कं करा.

पहिली यादी: साक्षीदार एक, घाई भरपूर

या फोटोत चेहरे जवळजवळ नाहीतच. कुणी पाठमोरा आहे, कुणाचा चेहरा हाताआड गेलाय, दोघं तर इतरांच्या मागे झाकले गेलेत. रोझेन्थालने नावं टिपून घेतली नव्हती, आणि त्या क्षणी घ्यायची तरी कशी? कॅमेऱ्याच्या झडपेला सेकंदाचा चारशेवा भाग लागला आणि क्षण संपला.

फोटो २५ फेब्रुवारीच्या रविवारच्या वर्तमानपत्रांत छापून आला आणि अमेरिका वेडी झाली. युद्धासाठी कर्जरोखे विकायचे होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना फोटोतली माणसं प्रचारासाठी हवी होती. एप्रिलमध्ये रेने गॅन्यॉन या सैनिकाला वॉशिंग्टनला आणलं गेलं आणि मोठ्या केलेल्या फोटोवरून त्याच्याकडून नावं घेतली गेली. स्वतः गॅन्यॉन, मायकल स्ट्रँक, फ्रँकलिन साउस्ली, हेन्री हॅन्सन आणि नौदलाचा वैद्यकीय मदतनीस जॉन ब्रॅडली. सहावं नाव आयरा हेजचं. हेजला प्रसिद्धी नको होती आणि त्याने आपलं नाव सांगू नको असं बजावलं होतं, त्यामुळे ते ओढूनच काढावं लागलं.

तोवर स्ट्रँक, हॅन्सन आणि साउस्ली त्याच बेटावर मारले गेले होते. उरलेले तिघं देशभर फिरले. सातव्या युद्धकर्ज मोहिमेचं उद्दिष्ट १४ अब्ज डॉलर होतं, जमले २६ अब्जांहून जास्त.

या यादीची मोजदाद केली तर काय हाती लागतं? मुख्य साक्षीदार एक. स्वतंत्र पडताळणी शून्य. उत्तर लवकर मिळण्यात सगळ्यांचा फायदा. हेजने वॉशिंग्टनमध्ये पोचल्यावर सांगितलं की खांबाच्या बुंध्याशी वाकलेला माणूस हॅन्सन नसून हार्लन ब्लॉक आहे. हेजच्या म्हणण्याप्रमाणे त्याला गप्प राहायला सांगण्यात आलं, कारण नावं जाहीर होऊन गेली होती. 'आता पेपर सबमिट झालाय, राहू दे' हे आपल्याकडेही ऐकू येतं, नाही का?

दुसरी यादी: प्रश्नच अरुंद

हार्लन ब्लॉकही १ मार्च १९४५ ला मारला गेला होता. टेक्सासमध्ये त्याच्या आईने वर्तमानपत्रातली ती पाठमोरी आकृती बघून 'हा माझा हार्लन' असं म्हटल्याचं सांगतात. घरच्यांचा विश्वास बसला नाही. पाठीवरून कुणी ओळखतं का? पण १९४६ मध्ये हेज ॲरिझोनाहून मिळेल त्या वाहनाने आणि पायी टेक्सासला गेला आणि ब्लॉकच्या वडिलांना त्याने खरं ते सांगितलं. कुटुंबाने पाठपुरावा केला, चौकशी समिती बसली, आणि जानेवारी १९४७ मध्ये हॅन्सनच्या जागी ब्लॉकचं नाव आलं.

इथे टाळ्या वाजवून पुढे जावंसं वाटतं. पण माझी मुख्य टीका याच टप्प्यावर आहे. समितीने जो प्रश्न घेतला त्याचं उत्तर बरोबर दिलं. प्रश्न होता, 'ही आकृती हॅन्सनची की ब्लॉकची?' पण यादीतलं एक नाव चुकलं असं सिद्ध झाल्यावर खरा प्रश्न वेगळाच उभा राहतो. ज्या पद्धतीने ते चुकीचं नाव आलं, त्याच पद्धतीने बाकीची पाच नावंही आली होती. मग ती कशावरून बरोबर? हा प्रश्न समितीने तडीस नेला नाही. एक डाग पुसला आणि बाकीची यादी जणू तपासून शुद्ध झाली असा शिक्का बसला. आता तिच्यामागे एका चौकशीचं वजनही आलं.

तुमच्या डेटासेटमध्ये एक नोंद चुकीची सापडली तर तुम्ही फक्त ती नोंद दुरुस्त करता, की ती जिथून आली ते यंत्र, तो फॉर्म, तो माणूस तपासता? १९४७ च्या समितीने फक्त नोंद दुरुस्त केली. त्याची किंमत पुढची सत्तर वर्षं मोजावी लागली.

तिसरी यादी: गणवेशातला वेगळेपणा

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा शहरातला एरिक क्रेली आणि आयर्लंडमधला स्टीफन फोली या दोन हौशी अभ्यासकांचं म्हणणं एका स्थानिक वर्तमानपत्राने छापलं. दोघांपैकी कुणीही व्यावसायिक इतिहासकार नव्हता. त्यांचा दावा होता की फोटोत ब्रॅडली नाहीच.

त्यांची पद्धत समजून घ्या. गणवेशाचा अर्थच मुळी सगळ्यांचा वेष एक. तेव्हा गणवेशावरून तुकडी कळते, माणूस कळत नाही. न्यायवैद्यक शास्त्रात याला वर्ग-लक्षण म्हणता येईल. बुटाचा नंबर आठ, हे झालं वर्ग-लक्षण. त्या बुटाच्या तळव्याला डाव्या बाजूला पडलेली चीर, हे व्यक्ती-लक्षण. सैनिकाची ओळख पटवायची तर गणवेशात कुठे बिघाड आहे, कुठे सवयीने पडलेला फरक आहे, हे शोधावं लागतं.

त्याच दिवशीच्या इतर फोटोंमध्ये ब्रॅडलीचा चेहरा स्पष्ट आहे. तिथे त्याच्या पँटचे पायचे दुमडलेले दिसतात. झेंड्याच्या फोटोत 'ब्रॅडली' म्हणून दाखवलेल्या आकृतीचे पायचे सरळ आहेत. त्या आकृतीच्या हेल्मेटखाली टोपीचं टोक दिसतं, ब्रॅडलीच्या नाही. आकृतीच्या कमरेला काडतुसांचा पट्टा आहे, वैद्यकीय मदतनिसाच्या कमरेला वेगळं सामान असतं. दुसऱ्या एका आकृतीच्या हेल्मेटचा तुटका पट्टा लोंबतोय आणि बंदुकीचा पट्टा नेहमीपेक्षा वेगळ्या कडीत अडकवलाय. नेमक्या याच दोन गोष्टी इतर फोटोंत हॅरॉल्ड शुल्ट्झ नावाच्या सैनिकापाशी दिसतात.

इथे एक सावधगिरी. 'चार खुणा जुळत नाहीत, म्हणजे चारपट पुरावा' असा हिशोब करू नका. समजा माथ्यावर चाळीस माणसं आहेत आणि एक खूण दहातल्या एकाकडे आढळते. मग चार उमेदवार उरतात. दुसरी खूणही दहातल्या एकाचीच असेल आणि ती पहिलीपासून स्वतंत्र असेल, तर एखादाच उरतो. पण दोन्ही खुणा माणसाच्या कामावरूनच ठरत असतील, तर दुसरी खूण नवीन काहीच सांगत नाही. (आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत.) पट्टा आणि सामान हे कामाशी बांधलेले आहेत. पायचे आणि टोपी तसे नाहीत. लोंबणारा तुटका पट्टा तर कुणाच्या हुकमाने लोंबत नाही. म्हणून या सगळ्यांत माझ्या मते तो सर्वात जड पुरावा.

आणखी एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल, आणि यायलाच हवा. पायचे तर मिनिटभरात दुमडता येतात! अगदी बरोबर. म्हणूनच फोटोंचा क्रम लागतो. खुणेच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो मिळाले आणि दोन्हीकडे पायचे दुमडलेलेच असले, तर मधल्या काही मिनिटांपुरते ते उलगडले असं मानायला वेगळं कारण द्यावं लागेल. अशा वेळी रोझेन्थालचा ग्रुप फोटो कामी येतो. त्यात हेज, ब्रॅडली, शुल्ट्झ हे चेहऱ्यांसकट आहेत, आणि तो झेंडा लागल्यानंतर लगेचचा आहे. ज्या फोटोने बनावटपणाची अफवा उठवली, तोच पुढे मोजपट्टी म्हणून वापरायला मिळाला.

निवृत्त लेफ्टनंट जनरल जॅन ह्युली यांच्या समितीने सगळं तपासलं आणि जून २०१६ मध्ये मरीन कोअरने जाहीर केलं: ब्रॅडली फोटोत नाही. ज्या आकृतीला ब्रॅडली म्हणत होते तो साउस्ली. आणि ज्याला साउस्ली म्हणत होते तो शुल्ट्झ.

शाळेत 'जोड्या लावा' सोडवताना हेच व्हायचं, आठवतंय? एक जोडी चुकली की दुसरी चुकतेच, कारण पर्याय आधीच वापरला गेलेला असतो. ओळख पटवणं म्हणजे सहा सुटे प्रश्न नव्हेत. ते एकमेकांत अडकलेलं एकच गणित आहे. एक नाव हललं की सगळी नावं पुन्हा तपासायची असतात.

चौथी यादी, आणि तोच धडा पुन्हा

२०१६ च्या यादीत गॅन्यॉन होताच. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मरीन कोअरने पुन्हा दुरुस्ती केली. खांबामागे झाकलेली ती आकृती गॅन्यॉनची नसून हॅरॉल्ड केलरची आहे. या वेळी फोलीबरोबर डस्टिन स्पेन्स आणि ब्रेंट वेस्टमायर हे अभ्यासक होते. जेनॉस्टच्या चलत्चित्रातल्या चौकटी, इतर छायाचित्रं आणि बोटातली लग्नाची अंगठी अशा धाग्यांवरून त्यांनी मांडणी केली, आणि एफबीआयच्या डिजिटल पुरावा प्रयोगशाळेने तपासात मदत केली.

म्हणजे अंतिम यादी अशी, डावीकडून: हेज, शुल्ट्झ, स्ट्रँक, साउस्ली, केलर, ब्लॉक. पहिल्या यादीतल्या सहापैकी तिघं गळले.

आता ते गळलेले तिघं बघा. हॅन्सन आणि ब्रॅडली पहिल्या झेंड्याच्या वेळी होते. गॅन्यॉनने दुसरा झेंडा वर पोचवला आणि पहिला सांभाळून खाली आणला. म्हणजे तिघंही त्या दिवशी त्या माथ्यावर होते आणि तिघांचाही झेंड्याशी खरा संबंध होता. सगळ्यात चिवट चुका अशाच असतात. निव्वळ थाप लवकर पकडली जाते. पण खऱ्या गोष्टीच्या अगदी शेजारची गोष्ट वर्षानुवर्षं टिकते, कारण कुठूनही तपासलं तरी ती बरीचशी जुळते. तुमच्या निकालात 'बरंचसं जुळतंय' असं दिसेल तेव्हा जास्त घाबरा.

यात कुणाचं काय गेलं

'सहा नावं, त्यात काय एवढं?' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. जॉन ब्रॅडलीचा मुलगा जेम्स याने २००० साली 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' हे पुस्तक सहलेखकाबरोबर लिहिलं. ते प्रचंड खपलं, २००६ मध्ये क्लिंट ईस्टवुडने त्यावर सिनेमा काढला. त्याच जेम्स ब्रॅडलीने मरीन कोअरची घोषणा होण्याआधी, मे २०१६ मध्ये, आपले वडील त्या फोटोत नाहीत असं आपल्याला वाटतं हे जाहीरपणे मान्य केलं. ज्या पानांवर आपलं नाव झालं, त्यांच्याविरुद्धचा पुरावा वाचून मत बदलणं सोपं नसतं. त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

शुल्ट्झने लॉस एंजेलिसच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि १९९५ मध्ये तो वारला. आयुष्यात एकदाच, घरी जेवताना, त्याने या झेंड्याचा उल्लेख केल्याचं सांगतात. केलर १९७९ मध्ये गेला. दोघांपैकी कुणीही दावा केला नाही, म्हणून कुणी त्यांना शोधलंही नाही. मौन हा नकाराचा पुरावा नसतो, हे विधान संख्याशास्त्राच्या वर्गात कोरडं वाटतं. इथे त्याला दोन माणसांची नावं आहेत.

तुमच्यासाठी

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचा मराठा पलटणीतला ग्रुप फोटो असेल, तर हीच शिस्त तिथेही लावा. आधी फोटोची मागची बाजू, मग खांद्यावरचं पलटणीचं नाव, बाहीवरच्या पट्ट्या, छातीवरच्या फिती. बर्मा स्टार हे पदक १९४५ मध्ये सुरू झालं, त्यामुळे त्याची फीत दिसली तर फोटो त्याआधीचा नाही, हे एका फटक्यात ठरतं. चेहरा सगळ्यात शेवटी. घरातल्यांनी सांगितलेलं नाव नोंदवा जरूर, पण कुणी सांगितलं आणि त्यांना कुणी सांगितलं, हेही शेजारी लिहा. चेहरा जुळवणारं ॲप वापरायचं तर वापरा, पण ते तुम्ही दिलेल्या चेहऱ्यांमधूनच सर्वात जवळचा निवडणार. खरा माणूस त्या यादीतच नसेल तर ते आत्मविश्वासाने चुकीचं नाव देईल, आणि १९४५ ची यादी नेमकी अशीच तयार झाली होती.

'हा तो नाही' आणि 'हा अमुक आहे' हे दोन वेगळे दावे आहेत, दोन वेगळ्या ओळींवर लिहा. पहिला एका ठोस विसंगतीवर उभा राहतो. दुसऱ्याला बाकी सगळ्यांना बाजूला सारावं लागतं. प्रत्येक नावापुढे तुमची खात्री किती आणि कशावर, हे लिहून ठेवा.

आणि प्रबंधात एक दुरुस्ती सापडली की तिथे थांबू नका. तिच्या शेजारच्या पाच नोंदी त्याच संध्याकाळी काढून बसा.